रिकामा येणारा डबा

ही हकीकत सांगायची वेळ जेव्हा जेव्हा आली, तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगितलं. मुलांना तारापूरच्या बांधकामावरच्या गमती सांगितल्या. नातवंडांना सायकलवरून खाडीकाठच्या खाजणात पडल्याचं सांगितलं. बायकोला तर ती असेपर्यंत यातलं अक्षर सांगितलं नाही. आमच्या भागाबद्दल मी थोडंफार लिहिलं, ते छापूनही आलं. त्यात ताड आहेत, पानवेली आहेत, चिंचणीचा समुद्र आहे. वहिनीचा डबा कुठेच नाही.

यंदाही सांगितलं नसतं. पण गेल्या आठवड्यात बोईसरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात पोटाच्या आरोग्यावर व्याख्यान झालं. आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजेल असं बोलल्या. आपल्या आतड्यांत म्हणे सूक्ष्म जीवांची मोठी वस्ती असते. तिला कोंडा-चोथा लागतो, आंबवलेलं लागतं, वेळेवरचं जेवण आणि रात्रीची झोप लागते. दिवसभर गोड चहा, मैदा, जागरणं आणि बैठं काम यांनी ती वस्ती उजाड होत जाते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, चरबी पोटावर बसते, साखर रक्तात फिरत राहते. हे सगळं ऐकताना मी मान हलवत होतो. शेवटी बाईंनी विचारलं, ऐंशी ओलांडलेलं आणि एकही गोळी न घेणारं इथं कुणी आहे का. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला पुढे नेलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईक तोंडापुढे धरला. "आजोबा, काय खाल्लंत तरुणपणी? आम्हालाही सांगा."

मी म्हणालो, "काही विशेष नाही. लवकर निजतो, लवकर उठतो."

टाळ्या पडल्या. मी शाल सावरत जागेवर येऊन बसलो.

घरी परतताना मला स्वतःचा इतका संताप आला की रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं. त्या दुकानात काचेच्या कपाटात बाटल्या मांडल्या होत्या. वरच्या बाटलीवर नाचणीच्या कणसाचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आंबील' असं लिहिलं होतं. पोटाला हितकारक, पारंपरिक, शुद्ध. दुकानदार म्हणाला, काका, घेऊन तर बघा, आता याचीच चलती आहे. मी उठून चालायला लागलो. ज्या पातळ, आंबूस, करड्या रंगाच्या पेयापायी आमच्या घरातल्या एका बाईची अब्रू गेली, ते आता कपाटात मांडून विकतात.

आमच्या इमारतीमागे अजून एक शेत उरलं आहे. कारखान्यांच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या मध्ये ते कसं राहिलं कुणास ठाऊक. दिवाळी उलटली की त्यात भात कापणी होते आणि त्याचा वास माझ्या खिडकीशी येतो. ओलसर, गोडसर, थोडा कुबट. नाकाला तो वास लागला की मी पाम गावच्या आमच्या घरी पोहोचतो. पहाटेचं दव, अंगाला चिकटणारं कुसळ, वाफ्यात पसरलेले भारे, खळ्यावर झोडणीचा धप् धप् आवाज. जव्हारच्या अंगाने माणसं कापणीला उतरायची आणि आमच्या वाडीच्या कडेला पेंढ्याच्या खोपी उभ्या राहायच्या. सगळं सुंदर होतं, असं मी आजवर लिहीत आलो. ते खोटं नव्हतं, पण त्या एका हंगामाबद्दल मी जे गाळलं ते सगळ्यांत खरं होतं.

साठच्या दशकाच्या मधली वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. वडील लवकर गेलेले. घर आईच्या शब्दावर आणि दादाच्या मिळकतीवर चालायचं. दादा म्हणजे हरेश्वर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. चांगला ताडामाडावर चढणारा, नांगर धरणारा, केळीचे घड खांद्यावर टाकून बाजाराला जाणारा माणूस. एका ठेकेदाराकडे त्याला हजेरी घेण्याचं काम लागलं आणि तो खुर्चीवर बसला. पुढच्याच वर्षी त्याने मलाही तिथे गोदामात चिकटवलं. मी मॅट्रिक होऊन विशीत आलेला, सदा भुकेला.

घरात वहिनी होती. तिचं नाव द्वारका. हे नाव इथे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे ते कुणी उच्चारत नसे. पालघरजवळच्या माहीमची मुलगी, लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यामुळे घरात बोलायला तिच्या बाजूचं असं कुणीच नव्हतं. ती आमचा लाल तांदूळ उखळात कांडायची. सगळा कोंडा उडवायचा नाही, अशी घरची रीत. सकाळी पेज आणि भाजलेली सुकट. दुपारी तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, शेगटाच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी. नाचणीची आंबील रात्रीच मडक्यात घालून ठेवलेली. यामागचं शास्त्र तिला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पॉलिशचा पांढराशुभ्र तांदूळ परवडला असता तर तिनेही तो हौसेने शिजवला असता. घरात जे पिकत होतं ते ती नीट करून वाढत होती, इतकंच.

तेच ती पितळी डब्यात भरून दादाबरोबर द्यायची. माझ्यासाठी निराळा डबा नव्हता. गोदामाच्या पोरांना ठेकेदाराकडून दुपारी पाव आणि डाळीचं पाणी मिळायचं, त्यावर मी भागवावं असं ठरलेलं.

नोकरीच्या पहिल्याच दिवसांत दादाने कचेरीत डबा उघडला होता. वर नाचणीची भाकरी, खाली बोंबलाची चटणी, बाटलीत आंबील. बाजूला मुंबईचे, गुजरातेतले, दक्षिणेतले कारकून बसलेले. त्यांच्यातला एक जण भाकरीकडे बघून म्हणाला, "क्या हरेश्वर, मिट्टी की रोटी?" सगळे हसले. दादाही हसला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, तेही हसत. पण त्या दिवसानंतर त्याने कचेरीत डबा कधी उघडला नाही. मी गोदामात लागलो तेव्हा त्याला मोठी सोय झाली. दुपारी तो सिमेंटच्या गोदामामागच्या ताडाखाली यायचा, डबा माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आटप लवकर. आणि घासून आण."

मी आटपायचो. मागे पुढे बघायचो नाही. ताडाला पाठ लावून, समोर खाडीकडचा वारा घेत मी वहिनीच्या हातचं जेवायचो आणि राखेने डबा असा लख्ख घासायचो की त्यात तोंड दिसावं.

दादा काय खात होता? कँटीनमधलं. ते कँटीन आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे आणि अजून मला त्याचा राग येतो. त्या काळी घरात साखर म्हणजे रेशनची, सणाला आणि पाहुण्याला राखून ठेवलेली. आमचा चहा गुळाचा. कँटीनमध्ये मात्र साखरेचं पोतं तोंड उघडून उभं असायचं. कामावर आलं की चहा, ट्रक आला की चहा, साहेब आला की चहा, साहेब गेला की परत चहा. वाफाळत्या घोटाखाली साखरेचा थर राहायचा, तो दादा बोटाने पुसून चाटायचा. दुपारी पाव, वनस्पती तुपातला शिरा, जिलेबी. आज सकाळपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. रात्री विड्या ओढत जागायचं, दिवसा कोंबडी-कुत्र्यांच्या गलक्यात झोपायचं, उठल्यावर जेवणाची वेळ गेलेली. आणि हे सगळं आम्ही सुधारणा म्हणून पाहिलं. जो जास्त गोड चहा पितो, ज्याचे हात मातीला लागत नाहीत, ज्याचा भात पांढरा, तो वर चढला. कोणी शिकवलं आम्हाला हे? त्या कारकुनाच्या एका वाक्याने एक शेतकरी माणूस स्वतःच्या ताटाला लाजायला लागला, आणि ते ताट रांधणाऱ्या बाईला त्याने त्याचा पत्तादेखील लागू दिला नाही.

आधी दादाचं पोट सुटलं. भाऊबंद म्हणाले, नोकरी मानवली. मग आंबट ढेकरा सुरू झाल्या. दोन-तीन दिवस कोठा बंद, मग एकाएकी जुलाब. घरी जेवायला बसला की दोन घासांत ताट सारायचा, कारण पोट आधीच गच्च. पुढे त्याला तहान लागायला लागली, कळशीच्या कळशी संपायची. आणि मग तो वाळायला लागला. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. कापणी आली तेव्हा एक वाफा कापून तो बांधावर बसला आणि उठेना.

वहिनी घाबरली. घाबरलेल्या बायका जे करतात ते तिने केलं. डब्यात जास्त घालायला लागली. भाकरीवर लोणी, उकडलेलं अंडं, वालाच्या जोडीला कुळथाची पिठी. डबा रोज रिकामा यायचा, त्यावर तिचा जीव शांत व्हायचा. घरी जेवत नाहीत तरी डबा संपवतात, असं ती शेजारी सांगायची. तो संपवत मी होतो. लोणी, अंडं, सगळं. दादा वाळत होता आणि मी बाळसं धरत होतो. आईने एकदा माझ्या दंडावर थाप मारून म्हटलंही, याला बघ कसं अंगी लागतंय, आणि त्याला काय झालंय कुणास ठाऊक. एकाच चुलीवरचं खाणारे दोन भाऊ, एक फुगतोय आणि एक सुकतोय, याचा कुणालाच अर्थ लागेना. मला लागत होता.

मग मुंग्या आल्या. मोरीच्या मागे, दादा जिथे लघवीला बसायचा तिथे, काळ्या मुंग्यांची रांग लागायची. आईने ती पाहिली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. तिला वाटलं कुणीतरी काहीतरी केलंय. कापणीला आलेल्या माणसांत एक म्हातारा भगत होता. त्याला बोलावलं.

खळ्यावर दुपारची वेळ. झोडणी थांबली होती. भाताची उडवी रचलेली, तिच्या सावलीत दादाला खाटेवर आणून निजवलं. भगताने सुपात तांदूळ मांडले, दाणे सरकवत बराच वेळ पुटपुटला, आणि म्हणाला, "अन्नातून गेलंय यांच्या पोटात."

त्या म्हाताऱ्याला मी कधीच दोष दिला नाही. तो खरं बोलला होता. अन्नातूनच गेलं होतं. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे बोट केलं नाही. नाव आम्हीच घातलं. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी खळ्यावरच्या सगळ्या नजरा एकाच दिशेला वळल्या होत्या. घरात अन्न शिजवणारी बाई एकच होती.

आई म्हणाली, "काय घालतेस गं माज्या पोराला? सगळ्यांसमोर सांग."

वहिनी पेंढ्याची काडी हातात घेऊन उभी होती. ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"भावजी, तुमी सांगा. परवा मी डब्यात वांगं घातलं व्हतं. यांना वांगं चालत नाय, वासानं उठतात. तरी डबा पुसून आला. डबा कोण खातं?"

तिला संशय आला होता. तिने वांगं मुद्दाम घातलं होतं की घरात दुसरं काही नव्हतं म्हणून, ते मला माहीत नाही. परवाचं ते वांगं मला आठवत होतं. सुकट घातलेलं, तेलावर परतलेलं, मी बोटं चाटून खाल्लेलं. खाटेवर दादाने डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांनीही तो माझं उत्तर ऐकत होता. त्याच्या नोकरीवर माझी नोकरी होती. सगळं गाव खळ्यावर होतं. एवढ्या माणसांत सांगायचं की माझा मोठा भाऊ घरच्या भाकरीला लाजतो आणि मी त्याचं खातो?

मी म्हणालो, "दादाच खातो. आता त्याला वांगं आवडायला लागलंय."

दुसरं वाक्य मी का बोललो? पहिलं पुरे झालं असतं. साठ वर्षं मी या दुसऱ्या वाक्यावर अडखळतो. घाबरलेला माणूस 'हो' म्हणून थांबतो. मी खोट्याला टेकू दिला.

वहिनी माझ्याकडे एक क्षण पाहत राहिली. मग तिने हातातली काडी खाली टाकली आणि घरात गेली. दोन दिवसांनी माहीमहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. ऐन झोडणीत, उडवी तशीच उभी असताना, आम्ही घरातली राबती बाई माहेरी पाठवली. वेशीवर जमलेल्या बायका तिच्यापासून हातभर लांब उभ्या होत्या. आळ येईपर्यंत हीच बाई त्यांच्या घरी हळदीकुंकवाला चालत होती.

पुढचं ऐका, म्हणजे माझा राग नुसता स्वतःवर का नाही ते कळेल. वहिनी गेली. चूल आईने हातात घेतली. तांदूळ कांडायला कुणी नाही म्हणून गाडीत घालून गिरणीत पाठवला आणि पांढरा होऊन आला. दादा आईच्या हातचं दूध-भात खायला लागला, वर साखर. मोरीमागच्या मुंग्या वाढल्या. ज्या हातावर आळ घेतला तो हात कित्येक कोस लांब गेला तरी आजार जागच्या जागी, उलट चढता. एकाही शहाण्याला वाटलं नाही की आपण चुकलो. उलट म्हणाले, तिने घातलेलं अजून आत आहे, निघायला वेळ लागेल. पुरुषाचं पोट बिघडलं की बाईचा हात वाईट. पोट चांगलं राहिलं की पुरुषाची प्रकृती दणकट. हा हिशेब कुणी मांडला आणि आपण सगळे तो मुकाट्याने का मानत आलो, याचं उत्तर मला कुठल्याही व्याख्यानात मिळालेलं नाही.

शेवटी मी दादाला पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्क, तुटक बोलणारे गृहस्थ. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात दादाच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग कौलासारखा तांबडा रंग आला. मधुमेह, ते म्हणाले. मग खायचं-प्यायचं विचारायला लागले. दादाने खाली मान घालून सगळं सांगितलं. चहा, साखर, जिलेबी, पाळ्या, विड्या. घरी काय शिजतं, असं विचारल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मग मी सांगितलं. भाकरी, वाल, पालेभाजी, आंबील.

"मग ते का सोडलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

दादा सदऱ्याची बटणं लावायला लागला. डॉक्टर म्हणाले की घराण्यातही असू शकतं, तुमच्या आजोबांच्या पायाची जखम भरत नव्हती म्हणता, तेच असेल. एकट्या चहाने एवढं होत नाही. मी वैद्य नाही, त्यामुळे दादाचा आजार त्या कँटीननेच केला असं शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित तो उद्या यायचा तो आज आला. पण वहिनीच्या डब्याने तो आला नव्हता, हे शपथेवर सांगू शकतो. माझं हे ऐंशी वर्षांचं अंग त्याचा पुरावा आहे. त्या हंगामात दादाच्या वाटचं ते सगळं माझ्याच पोटात गेलं होतं.

पालघरहून आगगाडीने बोईसरला येताना उमरोळी मागे पडल्यावर दादा म्हणाला, "घरी डब्याचं काढू नको. माणसं हसतील."

हसतील. तिच्यावर नवऱ्याला अन्नातून काही घातल्याचा आळ होता आणि याला लोक हसतील याची भीती होती. तेव्हा मला हा राग आला नाही. तेव्हा मी मान डोलावली. राग फार नंतर आला, दादा खूप थकल्यावर, भांडण्यात अर्थ उरला नाही तेव्हा. रागाने माझ्याकडे यायला सोयीची वेळ निवडली.

वहिनीला परत आणलं. चूक कळली म्हणून आणलं असं वाटत असेल तर ते काढून टाका. पथ्याचं कोण शिजवणार, हा प्रश्न होता. आईचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी पुन्हा तीच कोंड्यासकटची भाकरी, तीच पालेभाजी सांगितली होती. आणायला मला पाठवलं. माहीमहून परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो, गाडीवान पुढे. माहीम बरंच मागे पडल्यावर तिने विचारलं, "आता कोण शिजवतं?"

"आई."

"मग बरे झाले?"

"नाही."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बाहेर बघायला लागली. कापलेल्या शेतांत वालाची रोपं वर येत होती. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. मला मात्र तेव्हा तिला ते मिळालेलं दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही. सांगायला त्याहून चांगली जागा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. मी गाडीवानाला म्हणालो, जरा हाक, ऊन चढतंय.

त्या दिवशी संध्याकाळी तिने दादाला वाढलं. ताट त्याच्यापुढे ठेवण्याआधी ती दारात उभी राहिली, आईला दिसेल, मला दिसेल, ओटीवर बसलेल्या शेजाऱ्यांना दिसेल अशी. ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला, चावून गिळला. मग ताट खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग कायमचंच. दादाचं ताट असो, आईचं असो, माझं असो, सणाला आलेल्या पाहुण्याचं असो, पहिला घास ती स्वतः उभ्याने खायची आणि मग ताट पुढे सरकवायची. नव्या सुनांना वाटायचं, मीठ-तिखट चाखण्याची सवय. माझ्या बायकोने एकदा कौतुकाने विचारलंही, थोरल्या जाऊबाईंची ही काय रीत? मी म्हणालो, माहीमकडे असते तशी.

दादा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. इंजेक्शनं आली, गोळ्या आल्या, एक बोट गेलं. पण डॉक्टरच म्हणायचे की हा माणूस टिकला तो घरच्या जेवणावर. गावाने वहिनीला नवऱ्याची सेवा करणारी बाई म्हणून गौरवलं. ज्यांनी हातभर अंतर ठेवलं होतं त्याच बायका म्हणाल्या, हिच्या हाताला गुण आहे. जाण्याआधी दादाने तिच्याकडे काही कबूल केलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, नाही. आम्ही दोघे भाऊ सारखेच होतो.

आणि आता डॉक्टरीणबाई पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात की नाचणी खा, आंबवलेलं खा, वेळेवर जेवा, रात्री झोपा. बरोबर सांगतात. पण त्या पडद्यावर त्यांनी एक चित्र घालायला हवं होतं. आयुष्यभर पहिला घास उभ्याने खाणाऱ्या बाईचं. सवयी नुसत्या खाणाऱ्याच्या पोटात जात नाहीत. त्या रांधणाऱ्याच्या माथीही येऊन पडतात. माझ्या नातवाच्या घरी मी हल्ली पाहतो, त्याचं पित्त वाढलं की त्याची आई सुनेकडे बघते. नातू रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत चिवडा खातो, हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या महिन्यात मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो की त्याचं पोट त्याने बिघडवलंय, तिच्याकडे काय बघता. मुलगा म्हणाला, बाबांना हल्ली उगाच राग येतो.

वहिनीला शेवटचा भेटलो तोही असाच हंगाम होता. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पामच्या घरी ती एकटी राहायची, पाठीत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मी बोईसरहून रिक्षाने गेलो. वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते मनात पुन्हा म्हणत होतो, विसरायला नको म्हणून. तिने चुलीवर नव्या तांदळाची पेज ठेवली होती, लालसर, दाट, वाफ निघणारी. वाडग्यात वाढली. मी हात पुढे केला.

"थांबा, भावजी."

तिने चमचा वाडग्यात घातला, एक घोट घेतला, मला दिसेल असा गिळला, आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला. घरात आम्ही दोघंच होतो. बघायला आई नव्हती, गाव नव्हतं. फक्त मी होतो, ज्याला खरं माहीत होतं.

मी पेज प्यालो. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, खाणाऱ्याकडे बघतात तशी. आता बोलायचं होतं. घशाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि म्हणालो, "वहिनी, मीठ अगदी बरोबर पडलंय."

ती हसली. बोळक्या तोंडाने, आवाज न करता.

"मीठ घातलंच नाय, भावजी. डॉक्टरांनी बंद केलंय मला."

तिने रिकामा वाडगा उचलला आणि धुवायला नेला. मला वाटलं, ती परत येऊन बसेल तेव्हा सांगू. ती परत आली तेव्हा बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, आणि मी उठलो. पुढच्या कापणीच्या आत ती गेली.

वाक्य फार मोठं नव्हतं. रिक्षात पाठ केलेलं अजून तसंच्या तसं पाठ आहे. वहिनी, तुझा डबा मी खात होतो. वांगंसुद्धा. मला माफ कर.